तापलेल्या तारेची गोष्ट

ज्यांनी कधी महिंद्राची कमांडर, मार्शल किंवा टेंपोची मॅटाडोर वापरली असेल त्यांना ‘हीटर देणं’ म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. थंडीत पहाटे गाडी काढायची म्हणजे आधी किल्ली अर्धी फिरवायची, मनातल्या मनात वीस-पंचवीस अंक मोजायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. घाई केली की इंजिन नुसतं खोकायचं, पांढरा धूर ओकायचं आणि बॅटरी बसायची. त्या वीस-पंचवीस अंकांत इंजिनाच्या डोक्यात बसवलेले बोटाएवढे चार प्लग तापून लाल होत असत. कंपनीच्या पुस्तकात त्यांना ग्लो प्लग म्हणतात, आपले मिस्त्री त्यांना हीटर प्लग म्हणतात.

माझा पुतण्या कोल्हापूरजवळ डिझेल गाड्या आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. गेल्या हिवाळ्यात तो या हीटर प्लगचा उपयोग चक्क थर्मामीटर म्हणून करू लागला. मला दाखवून झाल्यावर म्हणाला, “काका, तुम्ही इतिहास शिकवलात ना चौतीस वर्षं? मग सांगा, तापलेल्या तारेला तिचं तापमान विचारायचं हे पहिल्यांदा कुणाला सुचलं?”

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता, तेवढाच. पण प्रश्न इतिहासाचा होता. दोन-तीन महिने जमेल तसं वाचलं, काही मुलाने अमेरिकेतून पाठवलं, काही नातीने संगणकावर काढून दिलं. जे हाती लागलं ते इतकं सुरस निघालं की एकट्यापुरतं ठेववेना.

आधी प्लगविषयी थोडं. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. पण गार पडलेल्या लहान इंजिनात दाबलेल्या हवेची ऊब लोखंडच पिऊन टाकतं आणि इंधन पेटत नाही. त्यावर उपाय हा हीटर प्लग. १९३६ साली आलेल्या मर्सिडीज २६० डी या डिझेल मोटारीतही तो होता. आपल्याकडच्या विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनांना बहुधा त्याची गरज पडत नसे. उबदार हवा आणि हँडल मारणाऱ्याचा दणकट खांदा एवढ्यावर काम भागे.

नव्या धर्तीच्या प्लगमध्ये धातूच्या नळीत एकापुढे एक अशी दोन वेटोळी असतात. टोकाकडचं वेटोळं तापण्यासाठी. त्याच्या मिश्रधातूचा विजेला होणारा रोध गरम झाला तरी फारसा बदलत नाही. मागचं वेटोळं निकेलचं किंवा लोखंड-कोबाल्टचं. त्याचा रोध तापल्यावर भराभर वाढतो. प्लग तापला की हे मागचं वेटोळं वीज अडवू लागतं आणि प्लग जळण्यापासून वाचतो. म्हणजे घरात एक भाऊ खर्च करणारा आणि दुसरा, खर्च वाढला की हात आखडणारा.

पुतण्याने हा दुसरा भाऊ हेरला. रोध तापमानाबरोबर वाढतो, तर मग रोध मोजून तापमान का काढू नये? प्लग बाहेरून बंद, दाब आणि ज्वाळा सोसणारा, आटे पाडलेला. कुठेही फिरवून बसवावा. बाजारात तापमान मोजायचे तयार थर्मोकपल मिळतात हे त्याला ठाऊक आहे. “पण हा माझ्या डब्यात पडलेला होता,” हे त्याचं उत्तर. जगातली अर्धी उपकरणं याच कारणाने जन्माला आली असावीत, असं आता मला वाटू लागलं आहे.

उकळत्या पाण्यापर्यंतचं तापमान मोजायला काचेचा थर्मामीटर होता. पण भट्टीचं काय? तिथे काच वितळते, पारा उकळतो. अठराव्या शतकापर्यंत कुंभार, लोहार, सोनार सगळे भट्टीचा रंग बघून काम करत. जांभळट लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा, पांढरा. हे डोळे तयार व्हायला वर्षं लागत आणि ते डोळे मिटले की विद्याही मिटे.

इंग्लंडातला जोसाया वेजवुड हा मोठा कुंभार. चार्ल्स डार्विनचा आजोबा. त्याला आपल्या भट्ट्या आकड्यांत बांधायच्या होत्या. त्याने भाजल्यावर चिकणमाती आकसते या नेहमीच्या अनुभवाचाच उपयोग केला. ठराविक मातीच्या लहान गोळ्या करायच्या, भट्टीत टाकायच्या, काढून निवल्यावर पितळेच्या निमुळत्या खाचेतून सरकवायच्या. गोळी जितकी आत जाईल तितकी ती आकसलेली, म्हणजे तितकी उष्णता जास्त. १७८२ साली त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि पुढच्याच वर्षी तो सोसायटीचा सदस्य झाला.

कल्पना सुंदर होती आणि एका भट्टीची दुसरीशी तुलना करायला उपयोगीही होती. घोटाळा झाला तो पुढे. वेजवुडने आपले अंश फॅरनहाइटशी जोडायचं ठरवलं. त्याचा एक अंश म्हणजे १३० फॅरनहाइट, असा हिशेब त्याने मांडला. त्या हिशेबाने ओतीव लोखंड वितळतं ते १७,९७७ फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे दहा हजार सेल्सिअसला! सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजारांच्या आसपास आहे. स्टॅफर्डशायरमधली भट्टी सूर्यापेक्षा जवळजवळ दुप्पट गरम निघाली. खरा आकडा बाराशे सेल्सिअसच्या आतबाहेर आहे. वेजवुड लबाड नव्हता, अतिशय काटेकोर माणूस होता. पण माती सर्व तापमानांत सारख्याच प्रमाणात आकसते हे त्याने गृहीत धरलं होतं, आणि वरच्या टोकाला पडताळून पाहायला त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

पुढच्या पिढीत हा प्रश्न ज्याने हातात घेतला त्याचं नाव वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. जेम्स प्रिन्सेप! इतिहासाच्या शिक्षकाला हा माणूस माहीत असतो तो ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून. १८३७च्या सुमारास त्याने ब्राह्मीचा उलगडा केला, आणि शतकानुशतकं मुके असलेले अशोकाचे शिलालेख बोलू लागले. कार्ले-नाशिकच्या लेण्यांतली अक्षरं आज आपण वाचू शकतो त्यामागेही त्याची पुण्याई आहे. मी त्याच्यावर कितीतरी तास घेतले. पण त्याची नोकरी काय होती, याकडे कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. तो टांकसाळीत धातू कस लावून तपासणारा अधिकारी होता, आधी काशीला आणि मग कलकत्त्याला. त्याचं रोजचं काम म्हणजे भट्टीपुढे उभं राहणं.

काशीत असतानाच त्याने भट्टीच्या तापमानावर काम केलं आणि ते १८२८ साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापून आलं. त्याची युक्ती सोनाराला पटेल अशी होती. चांदी लवकर वितळते, सोनं त्यानंतर, प्लॅटिनम फार उशिरा. चांदीत थोडं-थोडं सोनं वाढवत न्यायचं, मग सोन्यात थोडं-थोडं प्लॅटिनम वाढवत न्यायचं. अशा मिश्रणांचे लहान तुकडे ओळीने भट्टीत ठेवले की कुठला वितळला आणि कुठला राहिला यावरून उष्णतेची पायरी कळते. धातू वाया जात नाही, तेच तुकडे पुन्हा वापरता येतात. आणि या पायऱ्यांना आकडे देण्यासाठी त्याने सोन्याचा पोकळ फुगा करून त्यातली हवा तापल्यावर किती पसरते ते मोजलं. वेजवुडने जिथे गृहीत धरलं तिथे प्रिन्सेपने ताडून पाहिलं. म्हणूनच त्याचे आकडे खऱ्याच्या कितीतरी जवळ आले.

ब्राह्मीच्या बाबतीतही त्याने वेगळं काय केलं? एका लेखातलं अक्षर दुसऱ्या लेखातल्या अक्षराशी, नाण्यावरच्या अक्षराशी लावून बघितलं. जुळलं तर ठेवलं, नाही तर सोडलं. १८४० साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. मी वर्गात त्याला ‘लिपीतज्ज्ञ’ म्हणत आलो. आज शिकवायचं झालं तर ‘कस लावणारा’ म्हणेन.

आता तारेकडे वळू. तापलेल्या धातूतून वीज कमी वाहते, हे सर हंफ्री डेव्हीने १८२१ साली दाखवलं होतं. पण पुढची चाळीस वर्षं ही गोष्ट म्हणजे एक कटकट एवढीच तिची किंमत होती. विशेषतः तारायंत्रवाल्यांना. मैलोन्‌मैल तारेचा रोध मोजून तार कुठे तुटली ते शोधावं, तर ऊन पडलं की रोध वेगळा, सावली आली की वेगळा. प्रत्येक मोजमापात तापमानाची दुरुस्ती करत बसावं लागे.

या कटकटीचं सोनं झालं ते आपल्याच देशाशी संबंधित एका भानगडीत. १८५७च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोचायला महिना-सव्वा महिना लागत होता. त्या धक्क्यानंतर ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानशी जोडणारी तार तातडीने हवी झाली. १८५९-६० मध्ये सुएझहून तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकली, आणि ती काही काळातच निकामी झाली. सरकारने हमी दिलेली असल्याने सुमारे आठ लाख पौंडांचा भार जनतेच्या पैशावर पडला. मग चौकशी समिती नेमली गेली आणि पुढच्या केबली तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं ठरलं. रंगून ते सिंगापूर अशी एक केबल तेव्हा तयार होत होती. तिच्या तपासणीचं काम सीमेन्स बंधूंकडे आलं.

विल्यम सीमेन्स मूळचा जर्मन, हानोव्हरजवळचा. जन्म १८२३. इंग्लंडात येऊन स्थायिक झाला आणि १८५९ साली तिथला नागरिक झाला. केबल म्हणजे मध्ये तांब्याची तार, भोवती गट्टापर्चाचं आवरण, त्यावर ताग आणि बाहेरून लोखंडी तारांचं चिलखत. गट्टापर्चा हा रबरासारखा झाडाचा चीक. पाण्यात उत्तम टिकतो, पण गरम झाला की मऊ पडतो. मऊ पडला की आतली तांब्याची तार जागची सरकते, आणि मग समुद्राच्या तळाशी कधीतरी घात होतो.

१८६० साली ही केबल बोटीच्या पोटात गुंडाळून ठेवलेली होती. सीमेन्सला शंका आली की ओल्या लोखंडी तारा गंजताना उष्णता निघत असावी आणि ढिगाच्या आत ती कोंडत असावी. ओल्या गवताची गंजी आतून तापते तशी. पण आत थर्मामीटर घालणार कसा, आणि घातला तर वाचणार कसा? त्याने आवरण घातलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी करून, ती नळीत बंद करून केबलच्या थरांमध्ये ठेवून दिली आणि फक्त त्यांची टोकं बाहेर आणली. बाहेर बसून रोज रोध मोजायचा. रोध वाढला तर आत उष्णता वाढली.

आणि रोध वाढत गेला. ढिगाच्या वर ठेवलेले नेहमीचे थर्मामीटर मात्र सगळं आलबेल असल्याचं सांगत होते. बोटीवरच्या लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा? डोळ्यांना दिसणाऱ्या पाऱ्यावर, की एका परक्या उच्चाराच्या इंजिनिअरने तारेवरून काढलेल्या हिशेबावर? शेवटी ढिगावर थंड पाणी ओतलं गेलं. ते खालून बाहेर पडलं ते कोमट होऊन. तारेची साक्ष खरी ठरली. ती केबल रंगूनला गेलीच नाही, सरकारने ती दुसरीकडे वळवली आणि १८६१ साली माल्टा ते अलेक्झांड्रिया अशी टाकली. मुंबईला समुद्री तार पोचली ती १८७० साली, ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र बोटीने मुंबई-एडन केबल टाकल्यावर.

हा प्रसंग मी दोनदा वाचला. आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसत नाही, वरचा थर्मामीटर गार, आणि आतल्या आत नासाडी. माणसांच्या आणि संस्थांच्या बाबतीत असे प्रसंग माझ्या वयाच्या वाचकांनी पुष्कळ पाहिले असतील.

सीमेन्स तिथे थांबला नाही. त्याचा दुसरा मोठा उद्योग पोलाद आणि काचेच्या भट्ट्यांचा होता, तेव्हा भट्टीचं तापमान ही त्याची रोजची गरज. तांबं तिथे टिकलं नसतं, म्हणून त्याने प्लॅटिनमची तार घेतली, भाजलेल्या मातीच्या नळकांड्यावर गुंडाळली आणि लोखंडी नळीत बसवली. १८७१ साली रॉयल सोसायटीपुढच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात त्याने ही कल्पना मांडली. भट्टीपासून दूर बसून आकडा वाचायचा! कारखानदार खूश झाले.

पण ताडून पाहणारे लोकही होतेच. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने ती उपकरणं भट्टीत तापवली, निवू दिली, पुन्हा मोजली, आणि १८७४च्या अहवालात नोंदवलं की तापवून थंड केल्यावर तार पहिल्या आकड्यावर परत येत नाही. भट्टीतले वायू आणि त्या मातीतली द्रव्यं प्लॅटिनमला बाधत होती. साक्षीदाराची स्मरणशक्तीच बिघडत होती म्हणा ना. प्लॅटिनमच्या थर्मामीटरचं नाव खराब झालं, आणि पुढची दहा-बारा वर्षं त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

ते पुन्हा उजळवलं ते ह्यू कॅलेंडर नावाच्या तरुणाने. याची गंमत अशी की त्याने केंब्रिजला आधी ग्रीक-लॅटिन आणि मग गणित घेतलं होतं, पदार्थविज्ञान नव्हे. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनच्या हाताखाली तो आला तेव्हा त्याला हा टाकून दिलेला विषय मिळाला. त्याने ओळखलं की दोष तारेचा नसून तिला मिळालेल्या संगतीचा आहे. प्लॅटिनम शुद्ध घ्यायचं, तार ताणायची नाही, मातीऐवजी अभ्रकासारख्या निर्लेप आधारावर गुंडाळायची, आणि लोखंडाच्या नळीऐवजी काचेच्या किंवा चिनीमातीच्या नळीत ठेवायची. मग ती कितीही वेळा तापवा, निवाल्यावर तोच आकडा सांगते. १८८७ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ग्रीक-लॅटिन शिकलेल्याने हे केलं, याचा माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाला उगीचच अभिमान वाटला.

पुढची गोष्ट थोडक्यात. १९२७ साली जगाने तापमानाची एक समाईक मोजपट्टी ठरवली तेव्हा उणे १९० पासून ६६० अंश सेल्सिअसपर्यंतचा अधिकार प्लॅटिनमच्या तारेला दिला. १९९० साली ठरलेल्या आणि आज वापरात असलेल्या पट्टीत हा अधिकार चांदीच्या गोठणबिंदूपर्यंत, म्हणजे ९६१.७८ अंशांपर्यंत वाढलेला आहे. तारायंत्रवाल्यांची कटकट अशी जगाचं माप झाली.

आणि हीटर प्लग? तोही नकळत याच वाटेवर होता. जुन्या युरोपियन डिझेल गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत चालकापुढच्या फळीवर जाळीआड एक लहानसं वेटोळं असे. ते प्लगांच्याच वाटेवर जोडलेलं. ते लाल झालं की समजायचं, आतले प्लगही लाल झाले. आतल्या तारेची बातमी बाहेरची तार सांगते. सीमेन्सच्या बोटीवरही हेच नव्हतं का? पुढे १९८०च्या दशकात काही जपानी गाड्यांत प्लगचाच बदलता रोध पाहून त्याला वीज किती द्यायची ते ठरवू लागले. तेव्हा पुतण्याने केलेली गोष्ट अगदीच जगावेगळी नाही.

मात्र त्याला एकेक अडचण आली ती थेट या जुन्या मंडळींच्या वाटेवरचीच. डब्यातले पहिले दोन जुने प्लग गरम पाण्यात धरले तर रोध हलेचना. त्यात तो हात आखडणारा भाऊ नव्हताच. तिसरा चालला. मग कळलं की गार प्लगचा रोध जेमतेम एक ओहमच्या आतबाहेर, आणि मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याच्या निम्म्याला येतो. वाण्याने तराजूच्या पारड्यासकट गूळ मोजावा तसं. सीमेन्सने यासाठी एक जादा तार जोडली होती, कॅलेंडरनेही आपली तजवीज केली होती. पुतण्याने चार तारा लावल्या. दोघींनी वीज न्यायची आणि दोघींनी नुसतं मोजायचं. मग तिसरी अडचण. मोजण्यासाठी वीज जास्त सोडली की हा प्लग आपलं मूळचं काम आठवून स्वतःच तापायला लागतो. ताप मोजायला जावं आणि आपणच ताप द्यावा! म्हणून वीज अगदी थोडी ठेवावी लागली.

शेवटी ताडून पाहणं. बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात शंभर, असं त्याने धरलं होतं. पण माझ्या एका निवृत्त विज्ञानशिक्षक मित्राचा जुना काचेचा थर्मामीटर शेजारी बुडवला तर तो खळखळत्या पाण्यातही अठ्ठ्याण्णवच्या पुढे जाईना. पुतण्या म्हणाला, “काका, तुमच्या मित्राचा थर्मामीटर म्हातारा झाला.” मित्र हसला आणि म्हणाला, “कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे बाबा. इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं.” दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, असं त्याने सांगितलं. पट्टीवर शंभरच्या जागी अठ्ठ्याण्णव लिहिलं गेलं. वरच्या आकड्यांसाठी तोच थर्मामीटर आणि प्लग गरम तेलात शेजारी-शेजारी धरून पाहिले.

हा खटाटोप होता कशासाठी? आमच्या भाऊबंदांच्या गुऱ्हाळासाठी. तिथले गुळव्या तात्या आता पंच्याहत्तरीला आले. काहिलीतल्या फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आवाज, थंड पाण्यात टाकलेल्या पाकाची बोटांत होणारी गोळी, यावरून काहील कधी उतरायची ते तात्या ठरवतात. दोन मिनिटं आधी उतरली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर काळा पडतो, आणि त्या आधणाचा भाव पडतो. तात्यांची दोन्ही मुलं कारखान्यात नोकरीला आहेत. चुलवाणाच्या धगीपुढे कुणी उभं राहायला तयार नाही आणि त्यांना बोल लावता येत नाही. तात्यांच्या मागे काय, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसलं तरी सगळ्यांच्या मनात आहे. म्हणून पुतण्याने नवा कोरा प्लग स्टीलच्या लांब नळीच्या टोकाला बसवून काहिलीत सोडला.

पुस्तकात गूळ उतरायचं तापमान ११८ अंशांच्या आसपास दिलेलं असतं. त्या दिवशी मीटर ११६ दाखवत होता आणि तात्या म्हणाले, “झालं. उतरा.”

पुतण्या म्हणाला, “तात्या, अजून दोन अंश.”

तात्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काहील उतरली, पाक वाफ्यात ओतला. गूळ निघाला नेहमीसारखा, सोनेरी, कणीदार. मला म्हणाले, “गुरुजी, पोराचं यंत्र बरं हाय, पण जरा गार हाय.”

घरी येताना पुतण्याच्या लक्षात आलं. पाणी जर इथे दोन अंश आधी उकळतं, तर तितक्याच दाटपणाचा पाकसुद्धा दोन अंश आधीच उकळणार. पुस्तकातला आकडा समुद्राकाठचा होता. प्लग बरोबर होता, तात्याही बरोबर होते, फक्त पुस्तक दुसऱ्या गावचं होतं.

मला वाटतं जुगाड आणि उपकरण यांच्यात सामानाचा फरक नसतो. वेजवुडची माती, प्रिन्सेपची मिश्रणं, सीमेन्सची तांब्याची वेटोळी, सगळे जुगाडच. फरक पडतो तो कुणीतरी चिकाटीने ती वस्तू एखाद्या भरवशाच्या गोष्टीशी लावून बघतं तेव्हा. आणि भरवशाची गोष्ट नेहमी प्रयोगशाळेतच असते असं नाही. आमच्या बाबतीत ती तात्यांच्या बोटांत होती.

पुतण्याने आता शंभर पानी वही घातली आहे. डाव्या बाजूला मीटरचा आकडा, उजव्या बाजूला तात्या काय म्हणाले ते. ‘झालं’, ‘थोडं राहिलं’, ‘आज ऊस कोवळा हाय, जरा जादा घ्या’. उसाची जात, तोडणी कधीची, आधण कितवं, हेही लिहितो. परवा बघितलं तर एकेचाळीस आधणं भरली होती. तात्यांना लिहिता येतं, पण ते वहीला हात लावत नाहीत. लांबून विचारतात, “आज काय लिवलंस?” आणि पुतण्या वाचून दाखवतो.

पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत तात्यांची तब्येत साथ देवो. वही अजून अर्धीसुद्धा भरलेली नाही.